शफल बंद करून ऐकायची अठरा गाणी

संगीत ‘गंभीरपणे’ ऐकतो म्हणणाऱ्यांची एक उतरंड असते. सगळ्यात वर अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकणारे. त्यांच्याच शेजारी, कुणाला माहीत नसलेले अल्बम उकरून काढणारे. मग प्लेलिस्टवाले. आणि अगदी तळाला, ज्यांच्याकडे बघून वरचे सगळे एकदिलाने हसतात ते, ‘ग्रेटेस्ट हिट्स’ ऐकणारे. त्यांच्याबद्दलचा समज ठरलेला आहे: यांना कलाकाराशी देणंघेणं नाही, पार्टीत लावायला चार ओळखीची गाणी मिळाली की झालं.

मी या तळाच्या लोकांच्या बाजूने लिहितोय. सरसकट नाही. बाजारात येणारे बहुतेक ‘बेस्ट ऑफ’ खरोखरच कामचलाऊ असतात. कंपनीने जुना माल झटकून नवीन वेष्टनात घातलेला असतो, कलाकाराने तो धड बघितलेलाही नसतो. माझं म्हणणं एका संग्रहापुरतं आहे, पण तेवढ्यापुरतं ते पुरेसं टोकाचं आहे. पेट शॉप बॉइज या ब्रिटिश जोडगोळीचं सगळ्यात मोठं काम त्यांच्या कुठल्याही अल्बममध्ये नाही. ते नोव्हेंबर १९९१ मध्ये आलेल्या ‘डिस्कोग्राफी’ या अठरा सिंगल्सच्या संग्रहात आहे. आणि तो संग्रह दिलेल्या क्रमाने ऐकला नाही तर ऐकलाच नाही असं समजावं. ज्यांनी तो क्रम मोडला त्यांनी त्या गाण्यांचं नुकसान केलं. त्यात शफलचं बटण आलं, ‘टॉप गाणी’ आपोआप लावून देणारी अ‍ॅप्स आली, आणि खुद्द पेट शॉप बॉइजही आले.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘सॉल्टबर्न’ सिनेमातला कॅरिओकेचा प्रसंग आठवतो? परक्याच्या पैशांवर जगणाऱ्या माणसाबद्दलचं जे गाणं हिरोच्या गळ्यात मुद्दाम मारलं जातं, ते यांचं ‘रेंट’. ‘ऑल ऑफ अस स्ट्रेंजर्स’मधल्या ख्रिसमसच्या प्रसंगात वाजतं ते यांचं ‘ऑलवेज ऑन माय माइंड’. आणि २०२१ मध्ये रसेल टी. डेव्हिसची ‘इट्स अ सिन’ ही मालिका आली, तिचं नावच यांच्या गाण्यावरून घेतलेलं. म्हणजे तुम्ही यांना ऐकलंय, फक्त सुटं सुटं.

दोघं जण. नील टेनंट गातो आणि शब्द लिहितो, क्रिस लो कीबोर्डमागे बहुतेकदा टोपी-गॉगल लावून, चेहऱ्यावरची माशी न हलवता उभा असतो. १९८१ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोघांची गाठ पडली. लो तेव्हा आर्किटेक्चर शिकत होता. टेनंट लवकरच ‘स्मॅश हिट्स’ नावाच्या पॉप पाक्षिकात संपादनाच्या कामाला लागला. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण तिच्यात सगळं आहे. या माणसाने स्वतः गायक होण्याआधी दुसऱ्यांच्या सिंगल्सवर लिहिण्यात दिवस काढले होते. दर आठवड्याला कोण चार्टवर चढलं, कोण घसरलं, का घसरलं, हा त्याचा रोजचा धंदा होता. तेव्हा सिंगल म्हणजे काय हे याला शिकवायची गरज नव्हती.

आपल्याला मात्र ते समजून घ्यावं लागतं, कारण आपल्याकडे सगळं ‘ट्रॅक’ झालंय. सिंगल म्हणजे अल्बमचा तोडलेला तुकडा नव्हे. ती वेगळी जात आहे. कथा आणि कादंबरीतलं प्रकरण यांत जो फरक, तोच इथे. पेट शॉप बॉइजचा १९८८ चा ‘इंट्रोस्पेक्टिव्ह’ हा अल्बम घ्या. त्यात अवघी सहा लांबलचक गाणी आहेत. ट्रेव्हर हॉर्नने निर्मिती केलेलं ‘लेफ्ट टु माय ओन डिव्हायसेस’ त्यात आठ मिनिटांच्या वर जातं. ऑर्केस्ट्रा, डान्सचा ठेका आणि एका माणसाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा निवांत, आत्ममग्न दिवस. सिंगलमध्ये तेच गाणं पाचेक मिनिटांत बसवलं आणि त्याचा स्वभावच बदलला. अल्बममध्ये तो माणूस लोळतोय, सिंगलमध्ये त्याला घाई आहे. ‘जेलसी’ अल्बममध्ये कीबोर्डवर उभारलेल्या ऑर्केस्ट्राने संपतं, सिंगलसाठी खरे वादक बोलावले. ‘ऑपॉर्च्युनिटीज’ तर १९८५ मध्ये एकदा येऊन सपशेल आपटलं होतं. ते नव्या रूपात १९८६ मध्ये दुसऱ्यांदा काढलं आणि मग चाललं. ‘वेस्ट एंड गर्ल्स’चंही तसंच: १९८४ मध्ये न्यू यॉर्कच्या बॉबी ऑर्लँडोबरोबर केलेलं पहिलं रूप वेगळं, स्टीफन हेगबरोबर पुन्हा केलेलं, गाजलेलं रूप वेगळं. ‘डिस्कोग्राफी’त ही दुसरी रूपं आहेत. म्हणजे जे अल्बमचे भक्त ‘आम्ही मूळ ऐकतो’ म्हणून नाक वर करतात, त्यांनी आधी मूळ कशाला म्हणायचं ते ठरवावं.

आता क्रम. संग्रहात अठरा गाणी आहेत, जशी बाजारात आली त्याच ओळीने. प्रत्येक गाणं ब्रिटनच्या चार्टवर कितव्या क्रमांकापर्यंत पोचलं ते आकडे शेजारी मांडले तर असे दिसतात: १, १९, ११, ८, १, २, ८, १, १. ही पहिली नऊ. पुढची नऊ: ७, ४, ५, ४, २०, ४, १२, १३, २४. चार वेळा पहिला क्रमांक मिळाला आणि चारही पहिल्या अर्ध्यात. नववं गाणं ‘हार्ट’, एप्रिल १९८८, त्यांचं शेवटचं पहिल्या क्रमांकाचं गाणं. संग्रहाचा बरोबर मध्य. दहावं ‘डॉमिनो डान्सिंग’ सातव्यावर अडकलं, आणि टेनंटला जाणवलं की आपले सुगीचे दिवस संपले. अशा काळाला त्याने ‘इम्पीरियल फेज’ असं नाव दिलं, साम्राज्याचा काळ; पॉपवर लिहिणारे सगळे आज तो शब्द वापरतात. पुढे अमेरिकेत तर ‘डॉमिनो डान्सिंग’नंतर ते टॉप ४० मध्ये परत दिसलेच नाहीत.

एरवी ‘ग्रेटेस्ट हिट्स’मध्ये हे दिसत नाही. तिथे सगळीच गाणी शिखरावर असतात, दरी कुठे नसते. इथे चढ आहे आणि उतार आहे, आणि उतार लपवलेला नाही. मला विचाराल तर उतारावरची गाणी चढावरच्या गाण्यांपेक्षा चांगली आहेत. चढावर हुशारी जास्त आहे: ‘वेस्ट एंड गर्ल्स’मध्ये लंडनच्या श्रीमंत आणि गरीब बाजू एकमेकींना भिडतात, ‘ऑपॉर्च्युनिटीज’मध्ये थॅचरच्या काळातल्या पैशाच्या हावेची टर उडवलीय (ती टर अनेकांना कळली नाही आणि त्यांनी ते श्रीमंत होण्याचं प्रेरणागीत म्हणून ऐकलं, आजही ऐकत असतील), ‘सबर्बिया’त ब्रिक्स्टनच्या दंगलींची धग आहे. ‘व्हॉट हॅव आय डन टु डिझर्व्ह धिस?’साठी साठच्या दशकातल्या डस्टी स्प्रिंगफिल्डला बोलावलं, जिची कारकीर्द तेव्हा जवळपास संपल्यात जमा होती. कंपनी साशंक होती. गाणं ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही दुसऱ्या क्रमांकावर गेलं. या सगळ्यात एक टवाळ आत्मविश्वास आहे. मग मध्य ओलांडला की आवाज तोच राहतो, पण त्याच्या मागे काहीतरी बदलत जातं.

काय बदललं ते सांगायला गाण्यांच्या बाहेर जावं लागतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये दोन प्रौढ पुरुषांनी खाजगीत एकत्र येणं हा गुन्हा राहिला नाही, ती गोष्ट १९६७ ची. (आपलं ३७७ कलम याच साहेबांनी १८६० च्या दंडसंहितेत घालून दिलेलं. त्यांनी स्वतःपुरतं ते मिटवल्यावर आपल्याला सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला.) पण गुन्हा नसणं आणि मोकळं असणं यांत अंतर होतं, आणि ऐंशीच्या दशकात एड्स आल्यावर ते वाढलं. १९८७ च्या उन्हाळ्यात ‘इट्स अ सिन’ तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं: कॅथलिक शाळेत वाढलेला एक माणूस मोठ्या आवाजात कबुली देतोय की आपण जे जे केलं, जे जे करावंसं वाटलं, ते सगळं पापच. त्याच ऑक्टोबरमध्ये मार्गारेट थॅचर यांनी पक्षाच्या अधिवेशनात तक्रार केली की मुलांना पारंपरिक नैतिक मूल्यं शिकवायची सोडून समलैंगिक असण्याचा हक्क आहे असं शिकवलं जातंय. अधिवेशन ब्लॅकपूलला होतं, क्रिस लोच्या गावी. त्याच महिन्यात ‘रेंट’ आलं. त्याचा व्हिडिओ डेरेक जार्मनने केला, ‘इट्स अ सिन’चाही त्यानेच केला होता. जार्मनला आदल्या डिसेंबरमध्येच एचआयव्ही असल्याचं कळलं होतं. मे १९८८ मध्ये ‘सेक्शन २८’ लागू झालं, स्थानिक प्रशासनांना समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करायला बंदी करणारं. म्हणजे ‘हार्ट’ चार्टवरून उतरतंय तोवर कायदा दाराशी.

या काळात टेनंटने आपण गे आहोत असं जाहीरपणे कधी म्हटलं नाही. ते त्याने म्हटलं १९९४ मध्ये. अठराच्या अठरा गाणी या न बोलण्याच्या आतली आहेत. आणि इथे मराठी कानांना एक गोष्ट चटकन कळते, जी इंग्रजांना कळायला वेळ लागला असेल. इंग्रजीतला ‘तू’ आणि ‘मी’ यांना लिंग नाही. टेनंटने अख्खी प्रेमगाणी ‘तू’ला उद्देशून लिहिली आणि तो ‘तू’ कोण हे कुणाला सांगावं लागलं नाही. मराठीत हे करून बघा. ‘तू गेलास’ की ‘तू गेलीस’? ‘मी वाट बघत होतो’ की ‘होते’? पहिल्या क्रियापदालाच पकडले जाल. आपल्याकडे आडपडदा ठेवायचा तर वाक्यच वाकडं करावं लागतं. टेनंटला त्याच्या भाषेने लपायला जागा दिली, आणि त्याने ती जागा इतकी नीटनेटकी वापरली की लाखो लोकांनी ती गाणी आपापल्या लग्नात वाजवली असतील.

पण लपणं ओळीने ऐकलं की दिसतं. एकेकट्या गाण्यात नाही दिसत, तिथे ते फक्त एक छान अस्पष्ट प्रेमगाणं असतं. सलग ऐकताना लक्षात येतं की तासभर हा माणूस बोलतोय, प्रेम, पैसा, पाप, मत्सर, सगळ्याबद्दल बोलतोय आणि एक वाक्य टाळतोय. ते टाळणं हाच या संग्रहाचा विषय आहे असं मी म्हणेन. आणि चौदाव्या गाण्याशी आल्यावर टाळणाऱ्याचा आवाज पहिल्यांदा कापतो.

चौदावं गाणं ‘बीइंग बोअरिंग’. टेनंटचा न्यूकॅसलपासूनचा मित्र एड्सने गेला, त्याच्यासाठीचं हे गाणं. त्यात तो रोग नाही, मरण हा शब्द नाही. तीन कडवी आहेत, तीन दशकांची. पहिल्यात पोरवयातल्या पार्ट्यांची जुनी निमंत्रणं आणि फोटो हाती लागतात, दुसऱ्यात गाव सोडून शहर गाठलं जातं, आणि तिसऱ्यात कळतं की ज्यांच्याबरोबर मोठं व्हायचं होतं त्यांतले काही आता नाहीत. ठेका डान्सचाच आहे, पण दबका. १९९० च्या शेवटी ते आलं आणि विसाव्या क्रमांकावर थांबलं. अठरा गाण्यांत यश मोजलं तर सतरावं. केवळ आकड्यांवर निवड केली असती, ‘टॉप दहा’ किंवा अगदी ‘टॉप पंधरा’ काढली असती, तर आज ज्याला त्यांचं सर्वोत्तम गाणं म्हणणारे हजारो लोक आहेत ते या संग्रहात आलंच नसतं. जे अ‍ॅप तुम्हाला ‘लोकप्रिय’ गाणी वरून खाली लावून देतं, ते हाच कारकुनी हिशोब दर मिनिटाला करत असतं.

आणि त्याच्या लगेच पुढे काय येतं? यू-टूचं अतिगंभीर ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’ घेऊन त्याला १९६७ च्या एका गोडगुलाबी प्रेमगाण्याला जोडलेला धमाल डिस्को. रॉकवाल्यांच्या मोठेपणाची उघड थट्टा. अल्बममध्ये ही दोन गाणी शेजारी नाहीत, हे दुसरं कुठल्या अल्बममध्ये नव्हतंच. शफलमध्ये ती हजारात एकदा शेजारी येतील. ‘डिस्कोग्राफी’त तेराव्याचं जेवण उरकल्यावर कुणीतरी अचानक जोरात गाणी लावावीत तसं होतं. धक्का बसतो, मग जरा हसू येतं, मग लक्षात येतं की नाचायच्या जागी माणसं मरत होती त्या वर्षांत लोक खरोखर असेच जगले असतील: सकाळी दफन, रात्री क्लब. हा अर्थ कुणी ठरवून रचलेला नाही, तारखांनी तो रचला. पण तारखा तशाच ठेवायचं कुणीतरी ठरवलं, आणि ते ठरवणं हे काम आहे.

त्या नोव्हेंबरबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘डिस्कोग्राफी’ ४ तारखेला आली. २३ तारखेला फ्रेडी मर्क्युरीने आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. क्वीनचा फ्रेडी, मूळचा फारुख बुलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. त्यानेही ते वाक्य शेवटच्या दिवसापर्यंत राखून ठेवलं होतं. रसेल टी. डेव्हिसची मालिका कुठली वर्षं दाखवते? १९८१ ते १९९१. टेनंट आणि लो भेटले ते साल आणि ‘डिस्कोग्राफी’ आली ते साल. मालिकेला हे नाव त्या गाण्याचं का दिलं असेल याचा फार शोध घ्यायला नको.

आता भांडणाचा खरा मुद्दा. नोव्हेंबर २००३ मध्ये याच दोघांनी नवा संग्रह काढला, ‘पॉपआर्ट’. दोन डिस्क. एकीचं नाव ‘पॉप’, दुसरीचं ‘आर्ट’. तारखांचा क्रम मोडला आणि गाण्यांची दोन ढिगांत वाटणी केली. लोकांना कल्पना भारी आवडली, अजूनही हाच संग्रह ‘घ्यायचा तर हा घ्या’ म्हणून सुचवला जातो. मला ती त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात वाईट कल्पना वाटते. या दोघांनी आयुष्यभर एकच गोष्ट सिद्ध केली होती: की नाचायचं गाणं आणि विचार करायला लावणारं गाणं ही दोन गाणी नसतात. ती भिंत त्यांनी पाडली. आणि मग बारा वर्षांनी स्वतःच विटा आणून ती परत बांधली. बरं, वाटणी तरी कशी? ‘इट्स अ सिन’ पॉपमध्ये, ‘बीइंग बोअरिंग’ आर्टमध्ये. ‘वेस्ट एंड गर्ल्स’, ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलेलं त्यांचं सगळ्यात प्रसिद्ध गाणं, ते कुठे? आर्टमध्ये. म्हणजे वाटणी करणाऱ्यांनाही ती जमलेली नाही. हा विनोद आहे, असं त्यांचे चाहते म्हणतील. असेल. पण या विनोदापायी ‘इट्स अ सिन’ आणि ‘रेंट’ वेगवेगळ्या डिस्कवर गेली, जी दोन एका उन्हाळ्या-हिवाळ्याची भावंडं. गंमत बघा, त्याच महिन्यात इंग्लंड-वेल्समध्ये ‘सेक्शन २८’ रद्द झालं. ज्या वर्षांची ही गाणी साक्ष होती ती वर्षं संपली, आणि नेमकी तेव्हाच साक्षीची पानं विस्कटली.

२०२३ मध्ये आलं ‘स्मॅश’. टेनंटच्या जुन्या नोकरीची आठवण नावात ठेवलेली, १९८५ ते २०२० ची ५५ गाणी, आणि क्रम पुन्हा तारखेचा. इथे मला खूश व्हायला हवं. नाही झालो. आपल्याकडे ‘निवडक’ आणि ‘समग्र’ असा एक फार उपयोगी फरक आहे. ‘निवडक’ पुस्तक बॅगेत असतं, त्याची पानं दुमडलेली असतात. ‘समग्र’ लोक भेट देतात, ते शोकेसमध्ये जातं. ५५ गाणी म्हणजे साडेतीन तासांचा कारभार. तो अभ्यासाला चांगला, ऐकायला नाही. त्यात पहिल्या अठरांना शेवट उरत नाही. अठरावं गाणं संपलं की एकोणिसावं येतं, विसावं येतं, आयुष्य चालू राहतं. आयुष्य तसंच चालतं हे मान्य, पण गोष्ट कुठेतरी थांबवावी लागते. १९९१ मध्ये ती सीडीने थांबवली, तिच्यात जेमतेम सव्वा तासाचं संगीत मावायचं. कधीकधी तंत्रातली अडचण संपादकाचं काम करून जाते.

(न्यायाने एक कबूल केलं पाहिजे: ‘डिस्कोग्राफी’च्या मुखपृष्ठावर ‘सर्व सिंगल्स’ असा दावा आहे आणि तो पुरता खरा नाही. त्या यू-टूच्या गाण्याबरोबरच ब्रिटनमध्ये त्याच सिंगलवर तेवढ्याच मानाने आलेलं ‘हाऊ कॅन यू एक्स्पेक्ट टु बी टेकन सीरियसली?’ यात नाही. स्वतःला फार गंभीरपणे घेणाऱ्या पॉपस्टार्सची खिल्ली उडवणारं गाणं तेवढं गाळलं. म्हणजे ही ‘समग्र’ नावाची ‘निवडक’ आहे. माझी हरकत नाही.)

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला: हे सगळं बाजारासाठी होतं. नोव्हेंबरमध्ये असे संग्रह का निघतात? ख्रिसमसला भेट द्यायला. अगदी बरोबर. आणि मराठीतल्या किती चांगल्या कथा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दागिन्यांच्या आणि बँकांच्या जाहिरातींच्या मधोमध पहिल्यांदा छापल्या गेल्या? दिवाळी अंक बाजारासाठीच निघतात. त्यावरून कुणी कथा वाईट ठरवत नाही. कंपनीला पैसे हवे होते आणि दोन माणसांना आपली सहा वर्षं ओळीने लावायची होती, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

दुसरा आक्षेप जास्त आजचा आहे: क्रम कलाकाराने का ठरवावा, ऐकणारा मी आहे. ठीक आहे. पण मग सांगा, शफलमध्ये क्रम तुम्ही ठरवता का? तिथे तर कुणीच ठरवत नाही. २०२१ मध्ये अडेलने मागणी केल्यावर स्पॉटिफायने अल्बमवरचं शफल आपोआप पुढे येणारं बटण काढलं, तेव्हा अनेकांनी तिला नखरेल म्हटलं. तिचं म्हणणं साधं होतं, की क्रमालाही अर्थ असतो. तो सोय केवळ अल्बमना मिळाली. संग्रहाला क्रम असतो हे तर कुणाच्या खिजगणतीतही नाही. तो म्हणजे वस्तूंचं पोतं, हवी ती काढा. तुम्ही स्वतः बसून, विचार करून अठरा गाणी लावाल तर मी तुमच्याशी भांडणार नाही, ती तुमची ‘निवडक’. मित्राला पाठवायची गाणी रात्री बारा वाजता वरखाली सरकवत बसलेल्या माणसाला क्रम म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. माझं भांडण मशीनने पिसलेल्या पत्त्यांना ‘माझी आवड’ म्हणणाऱ्यांशी आहे.

हे फक्त एका जोडगोळीबद्दल आहे का? बऱ्याच अंशी हो. त्यांच्याच पिढीतल्या इरेजरने वर्षभराने, १९९२ मध्ये, ‘पॉप! द फर्स्ट २० हिट्स’ काढला, तोही तारखेच्या क्रमाने, आणि तो मजेत ऐकावा असा आहे. पण अँडी बेल पहिल्यापासून उघडपणे गे होता, त्याच्या गाण्यांत लपवलेलं वाक्य नाही, म्हणून त्या क्रमात शोधण्यासारखंही काही नाही. तिथे खुशाल शफल लावा.

‘डिस्कोग्राफी’ची शेवटची दोन गाणी नवीन आहेत. हा या धंद्याचा रिवाजच: जुनी सगळी गाणी असलेल्यांनाही विकत घ्यायला लावायचं म्हणून दोन नवी घालायची. त्यातलं सतरावं ‘डीजे कल्चर’ आखाती युद्धाच्या वर्षातलं. नेते जुन्या युद्धांतली भाषणं आणि आवेश उचलून नव्या युद्धाला चिकटवतात, जसा डीजे जुन्या रेकॉर्डचा तुकडा उचलतो, अशी त्याची कल्पना. जुन्या गाण्यांच्या संग्रहात जुनं उचलून वापरण्यावर टीका करणारं गाणं घालायला एक प्रकारचा निर्ढावलेपणा लागतो. अठरावं ‘वॉज इट वर्थ इट?’. एवढं सगळं करून हाती काय लागलं, हा प्रश्न. प्रेम केलं, त्याची किंमत मोजली, ते परवडलं का? गाण्यातलं उत्तर ‘हो’ असं आहे आणि ते इतक्या जोशात, इतक्या वेळा दिलंय की शंका यावी. डिसेंबर १९९१ मध्ये ते सिंगल म्हणून निघालं आणि चोविसाव्या क्रमांकावर अडकलं, अठरांत सगळ्यात खाली. शेवटी ठेवायला त्यांच्याकडे पहिल्या क्रमांकाची चार गाणी होती. त्यांनी हे ठेवलं.